पडद्यामागचे चौदा दात

रोशन गेटजवळच्या शौकतमियांनी साठीत दुसरी बायको केली आणि ती दुकानातच पडद्याआड ठेवली, अशी कुजबुज होती. ती गोरी होती, बाविशीची होती आणि देवगाव रंगारीची होती. गाव कुणी शोधून काढलं कोण जाणे. पण शेजारच्या चहावाल्या कडूबाईनं एकदा सांगितलं, की त्यात खोट काढायची कुणाची छाती? शिवाय पुरावा होताच. पडद्यामागं बांगड्या वाजायच्या.

ह्या बाविशीच्या सवतीची बातमी शौकतच्या बायकोला, अमिनाला, कळली ती पडद्यामागं बसूनच. समोर शिकंज्यात करवतीची चेन, हातात गोल कानस, पाठीला रग लागलेली. बाहेर कडूबाई गिऱ्हाइकाला चहा देता देता सांगत होती, "लई नाजूक हाय म्हणं. उन्हात काढीतच नाय तिला."

अठ्ठावन्न वर्षांच्या अमिनानं आपल्या तेलकट, काळ्या बोटांकडं पाहिलं. हसायचं मनात आलं होतं, पण अजून नऊ दात घासायचे होते.

शौकतचा धंदा म्हणजे झाडं कापायच्या, लाइटवर चालणाऱ्या करवतींच्या चेनींना धार लावणं. चेनीला अठ्ठावीस दात. चौदा उजव्या बाजूचे, चौदा डाव्या. प्रत्येकाला कानशीचे मोजून सारखेच हात. एका बाजूला कमी पडले, की करवत लाकडात वाकडी शिरते आणि अडकते. शौकतचा खांदा मात्र चौदाव्या दातालाच कुरकुरायचा. मग तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "जरा तेलात बुडवून आणतो," आणि चेन पडद्याआड जायची. मागच्या गल्लीतून येऊन बसलेली अमिना उरलेले चौदा उरकायची.

लोक लांबून यायचे ते 'शौकतमियांच्या हाता'साठी. तो हात अर्धा बायकोचा आहे हे कळलं, तर कोपऱ्यावर धारेचं मशीन मांडून बसलेला जुनेद सगळी गिऱ्हाइकं नेणार, ही शौकतची धास्ती. त्यापेक्षा सवत परवडली, असं नवराबायकोनं मुकाट ठरवून टाकलं होतं.

मग भाचीच्या बाळंतपणाला अमिना पाचोडला गेली आणि चार दिवस शौकतनं अख्ख्या चेनी एकट्यानं घासल्या. पाचव्या दिवशी ती एसटीतून उतरली ती थेट पडद्यामागं येऊन टेकली. पिशवी अजून खांद्यावरच होती, तोच पुंडलिक आला. फुलंब्रीचा हा ठेकेदार शहरातल्या सोसायट्यांची झाडं छाटायचा. त्याच्या सहा करवतींवर दुकानाचं निम्मं पोट चालायचं.

"मियां, ही करवत हाय का मारका बैल? सारखी एकीकडंच वढती! सुबाभळीत अडकून बसली, अन् सोसायटीच्या बाया गच्चीतून हसल्या!"

"मातीत घातली असंल कुणी," शौकत पुटपुटला.

"माती घाला माझ्या डोक्यात! उद्यापासून साहीच्या साही जुनेदकडं देतो."

"असं काय करता? दहा वर्षांचं गिऱ्हाईक तुम्ही..."

"मंग नव्या बिबीतून जरा सवड काढायची व्हती!"

चहा घेऊन आलेली कडूबाई फिसकन हसली. शौकत "ते... म्हणजे..." करत पडद्याकडं पाहू लागला. चाळीस वर्षांच्या संसारात भांडणातलं त्याच्या वाटचं बोलणंसुद्धा अमिनाच बोलत आली होती. आजही आपल्यालाच उठावं लागणार, ह्याचा तिला कंटाळा आला. तरी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिनं पडदा सारला.

"चुप बैठो जी," ती नवऱ्याला म्हणाली. पुंडलिकच्या करवतीची चेन काढून तिनं अंगठ्यानं दात चाचपले. "ह्या बाजूला धारच नाही लागली, पुंडलिकभाऊ. बसा."

"तुम्ही घासणार?"

"मग सहा वर्षं आत काय लोणचं घालत होते?"

सगळ्यांदेखत तिनं चौदा दात घासले. चेन पट्टीवर चढवली, चिमटीत धरून ओढून पाहिली. सैल नको, ताठही नको. शौकतनं प्लग लावला. लिंबाच्या ओंडक्यात करवत सरळ खाली उतरली. पुंडलिकनं तुकडा उचलून काप दोन्हीकडून निरखला.

"उरलेल्या पाच सांजच्याला धाडतो, भाभी," तो म्हणाला. शौकतकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

कडूबाई तोवर पडद्याआड डोकावून आली होती. तिथं एक स्टूल होतं आणि तेलाचा डबा.

"अन् ती?" तिनं विचारलं. "देवगावची?"

दुसरी बायको नव्हतीच. सहा वर्षांपूर्वी शौकतचा खांदा अधू झाला होता आणि तेव्हापासून प्रत्येक चेन अर्धी त्याची पहिलीच बायको घासत होती.