फौजदारांनी जपून ठेवलेली रांग

ऑफिसात त्यांना फौजदार म्हणत, आणि घरी बायकोही तेच म्हणे. पोलिसात ते कधीच नव्हते, प्रोग्राम लिहायचे. पण स्वभाव असा, की पेन सापडलं नाही तर आधी शेजाऱ्याच्या खिशाकडे बघायचे, मग स्वतःच्या. दूध नासलं तरी "कुणी हात लावला?" हाच पहिला प्रश्न. बायको म्हणायची, "अहो, आरशातसुद्धा आधी मागे कोण उभंय ते बघता तुम्ही!"

डोळ्यांच्या एका हॉस्पिटलचं काम त्यांच्याकडे होतं. ऑपरेशनला कुणाला आधी घ्यायचं ते डॉक्टर ठरवत, आणि पेशंटची नावं त्याच क्रमाने एका ॲरेत, म्हणजे एका रांगेत, ठेवलेली असत. आता रिसेप्शनला अकारविल्हे छापलेला कागद हवा झाला. फौजदारांनी तशी सोय केली: छापायचं बटण दाबलं की रांग नावांप्रमाणे लागणार. पण गडी सावध! रांग हलवण्याआधी ती 'मूळ' या नावाने जपून ठेवली, आणि ऑपरेशनच्या खोलीतल्या पडद्यावर 'मूळ'च दाखवली.

पहिल्याच सकाळी घोळ झाला. मधुमेहाच्या एका आजींना सर्वांत आधी घ्यायचं होतं. पडद्यावर त्या शेवटी. उपाशीपोटी बसून बसून आजींना भोवळ आली आणि त्यांच्या मुलाने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं.

फौजदारांच्या मनात पाल चुकचुकली. 'मूळ'ला तर आपण बोटही लावलं नाही! पासवर्ड दोघांनाच माहीत: ते स्वतः आणि त्यांचा मेव्हणा. बायकोच्या आग्रहाखातर त्यांनीच त्याला इथे चिकटवला होता. हल्ली तो फोन पालथा ठेवायचा, हाक मारली की दचकायचा. घरात तान्हं बाळ, रात्री झोप नाही, हे कारण फौजदारांना पटेल तर शपथ!

"कुंपणच शेत खातंय, मॅडम," त्यांनी मेव्हण्याचं नाव घेत ऑफिसच्या मालकिणीला सांगितलं.

"दुपारी पुरावा दाखवा," मॅडम म्हणाल्या. "खरं निघालं तर आजच त्याला घरी पाठवते."

फौजदारांनी पासवर्ड बदलला, नेटची वायर उपसली, दार आतून लावलं. आता ये म्हणावं! खोटी नावं भरली, छापायचं बटण दाबलं आणि 'मूळ' उघडलं. नावं अकारविल्हे!

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरी त्यांनी एकदा टेबलाखाली पाहिलं.

मग त्यांनी साधा आकडा घेतला. तो दुसऱ्या नावाने ठेवला, पहिला बदलला. दुसरा जागच्या जागी. तसंच ॲरेचं केलं, तर दोन्ही बदलले. हा ॲरे म्हणवणारा आहे तरी कोण? त्यांनी प्रोग्रामिंगच्या भाषेलाच विचारलं. उत्तर आलं: ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तू.

त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. आकडा हातात देता येतो. ऑब्जेक्टचा फक्त पत्ता मिळतो, आणि ॲरे तर ऑब्जेक्टच निघाला. एका घराचा पत्ता दोघांना दिला म्हणून घरं दोन होत नाहीत. त्यांनी रांगेची प्रत केलीच नव्हती. त्याच रांगेला दुसरं नाव दिलं होतं आणि मग स्वतःच्या हाताने ती विस्कटली होती.

नावं एकेक करून नव्या ॲरेत उतरवली, बटण दाबलं. या वेळी 'मूळ' हललं नाही.

ते धावतच मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. मेव्हणा तिथे उभाच होता, चेहरा उतरलेला. "चूक माझी आहे," फौजदार धापा टाकत म्हणाले. "याचा काडीचा संबंध नाही." मॅडमनी त्यांना खरपूस झापलं आणि मेव्हण्याला कामाला पाठवलं.

बाहेर आल्यावर फौजदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गेलं विसर रे. सापडलं ना शेवटी!"

मेव्हण्याने हात बाजूला केला.

"भाऊजी, सापडलं म्हणून मी चोर नाही. आणि नसतं सापडलं, तर?"

मेव्हणा आपल्या जागेवर जाऊन बसला, आणि फोन खिशातून काढून त्यांना दिसेल असा, उताणा, टेबलावर ठेवला.