सापांच्या खोलीतला एसी

आम्हा एसीवाल्यांकडे किस्से आपोआप साठतात. कुवेतमध्ये माणूस एरवी कुणाला घरात घेईल न घेईल, पण जूनमध्ये एसी बंद पडला की आम्हाला थेट बेडरूमपर्यंत नेतो. त्यामुळे शुक्रवारी जलीब भागातल्या आमच्या खोलीवर आम्ही सहा जण जेवायला बसलो की प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र ही चढाओढ संपली आहे. मी नुसतं "सापांच्या खोलीत काय झालं..." म्हटलं की बाकीचे घास हातात धरून थांबतात.

*

फोन डॉ. जगताप मॅडमचा होता. मॅडम सोलापूरच्या, जनावरांच्या डॉक्टर, इथल्या एका खासगी दवाखान्यात. माझा नंबर त्यांना कुठल्यातरी मराठी ओळखीतून मिळाला होता. म्हणाल्या, "सलीमभाऊ, आमची एक खोली फार गार पडतीय. येऊन बघता का?"

अकरा वर्षांत ही तक्रार मी पहिल्यांदा ऐकत होतो. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री! मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. गेलो तर खोलीत काचेच्या पाच पेट्या आणि प्रत्येक पेटीत एकेक साप. मी दारातच उभा राहिलो.

मॅडमनी शांतपणे समजावलं. उन्हाळ्यात लोक देशाबाहेर जातात आणि पाळलेले साप इथे ठेवून जातात. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. त्यामुळे एसीच्या गारठ्यात तो जिवालाही मुकू शकतो. दवाखान्याच्या मालकांना, आम्ही सगळे त्यांना मुदीर म्हणतो, ही खोली नकोच होती. मॅडमनी हट्टाने एक उन्हाळा मागून घेतला होता. एक जरी साप दगावला तरी खोली बंद, आणि मॅडमनी इतकी वर्षं मनात धरलेलं काम तिथेच संपणार होतं.

मग एका पेटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा कोपरा बत्तीस पाहिजे, हा सव्वीस. एकाच पेटीत. जमतंय का?" सगळं आयुष्य मी एका खोलीचं एकच तापमान करण्यात घालवलं होतं. तरी हो म्हणून बसलो.

*

पहिला घोळ माझाच. पेटीच्या एका बाजूला खालून गरम होणारी चटई असते. ती किती तापू द्यायची ते थर्मोस्टॅट ठरवतो, आणि त्याच्या बारीक वायरचं टोक पेटीच्या आत, साप बसतो त्या जागी ठेवलेलं असतं. टोकाला जे तापमान लागेल त्यावर सगळा कारभार.

आता मला लोंबकळणारी वायर बघवत नाही. आमच्या उस्तादनी पहिल्याच वर्षी कान पिळून शिकवलं होतं की वायर दिसली म्हणजे काम कच्चं. मी ती वायर बाहेर ओढली, सुरेख गुंडाळली आणि क्लिपा मारून भिंतीवर बसवली. मोबाइलवर फोटोसुद्धा काढला.

दोन तासांनी मॅडमची हाक आली. भिंतीपाशी होते चोवीस डिग्री, त्यामुळे थर्मोस्टॅटला वाटत राहिलं की अजून गारच आहे, आणि त्याने चटई चालूच ठेवली. पेटीचा तळ सत्तेचाळीसवर गेला होता. आतला अजगर अंग चोरून पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला होता. पहिल्याच दिवशी मी मॅडमचा उन्हाळा संपवला असता. मॅडमनी त्याला उचलून पोटाखालून नीट तपासलं. कुठेही भाजल्याचा डाग नव्हता. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काम मात्र लई सुबक केलंय ओ."

*

जुलैत मनीषाताई आल्या. मूळच्या नांदेडच्या, इथल्या इस्पितळात वीस वर्षं नर्स. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी रिया. साप रियाचा, आणि तो तिच्या एसीच्या खोलीत राहून गारठलेला. मनीषाताईंनी पिशवीतून एक गोधडी काढली, ती उलगडली, तिच्या आत शाल, आणि शालीच्या आत साप.

"कालपासून एवढं गुंडाळून ठेवलंय मॅडम, तरी अंग गारच," त्या काकुळतीने म्हणाल्या. शिवाय सवयीप्रमाणे कपाळाला लावायच्या थर्मामीटरने त्यांनी त्याचा तापही बघितला होता. एकोणीस! "माणूस असता तर मी कधीच डॉक्टरांना बोलावलं असतं," म्हणाल्या.

मॅडमनी सांगितलं की गोधडी ऊब तयार करत नाही, आहे ती धरून ठेवते. याच्याकडे मुळात ऊबच नाही, तर गोधडी धरणार काय? उलट गारवाच आत धरून बसली. रिया आईकडे न बघता म्हणाली, "आय टोल्ड हर." तो साप उन्हाळाभर आमच्या खोलीत सहावा म्हणून राहिला, आणि दोन दिवसांत तरतरीत झाला. मनीषाताई गोधडी मात्र पेटीजवळ ठेवून गेल्या, लागली तर असावी म्हणून.

*

ऑगस्टमध्ये भरदुपारी दवाखान्याचा मेन ब्रेकर गेला. वीस मिनिटांत सापांची खोली सदतीसवर. मॅडम ऑपरेशन टेबलापाशी टॉर्च धरून एका मांजरीला टाके घालत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "सलीमभाऊ, तुमची गाडी!"

सहा साप मी भोकं पाडलेल्या सहा डब्यांत भरले आणि डबे गाडीत ठेवले. एसी सत्तावीसवर लावला आणि गाडी चालवतच राहिलो, कारण एका जागी उभी केली की जुनी गाडी तापायची. डबे हलू नयेत म्हणून सगळे सीटबेल्ट त्यांना आवळले होते. शेजारच्या सीटवरच्या एका डब्याला पट्टा उरला नाही, म्हणून माझाही काढून त्याच्याभोवती फिरवला होता.

तिसऱ्या फेरीला पोलिसाने थांबवलं. डब्यांत काय म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्याचा विश्वास बसेना, म्हणून एक झाकण जरासं उचललं. तो दोन पावलं मागे सरला, पुन्हा पुढे आला, सगळे पट्टे नीट बघितले आणि माझ्या मोकळ्या छातीकडे बोट दाखवून हिंदीत विचारलं, "इन सबका बेल्ट है, तेरा किधर?" त्याने मला तसाच सोडून दिला.

*

सप्टेंबर अर्धा सरला. एकही साप दगावला नव्हता. आठ दिवसांत सापांची मालक मंडळी परतणार होती आणि मॅडमचा उन्हाळा पुरा होणार होता.

अशाच एका सकाळी मी नेहमीची पाहणी करायला गेलो आणि दार उघडताच अंगावर गारठा आला. एसी सोळावर. भिंतीवरचं चटयांचं मेन बटण बंद. सहाच्या सहा साप दोरखंडासारखे पडलेले. मॅडम धावत आल्या, त्यांनी एसी बघितला, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी शपथ घेऊन सांगितलं की मी हात लावलेला नाही.

मी कढत पाणी आणायला निघालो तर मॅडमनी हात धरून थांबवलं. एकदम ऊब दिली तर जातील म्हणाल्या, हळूहळूच चढवायला पाहिजे. एसी बंद केला. खोली बावीसवर येऊ दिली, मग चटया, त्याही थोड्याथोड्या. दहापर्यंत चार हलले, अकराला रियाचा साप. उरलेला एक, तोच माझ्या हातून भाजता भाजता वाचलेला अजगर, हलेना. मॅडम त्याच्या छातीवर यंत्र लावून ठोके ऐकत होत्या, आणि दोन ठोक्यांमध्ये इतका वेळ जायचा की मी श्वास धरून बसायचो. मी आठवेल ती दुआ म्हणत होतो, मॅडम सिद्धेश्वराचं नाव घेत होत्या.

एक वाजता त्याची जीभ बाहेर आली. एकदा, मग पुन्हा. मॅडम खाली फरशीवरच बसल्या आणि रडायला लागल्या. मलाही आवरलं नाही.

तेवढ्यात दार उघडून मुदीर आत आले. सगळ्या पेट्यांवरून त्यांनी सावकाश नजर फिरवली. सहा साप, सहाही जागच्या जागी. त्यांचा चेहरा उजळला.

"बघा, कसे शांत झोपलेत," ते म्हणाले. "काल संध्याकाळी मी आत आलो तर केवढा उकाडा! घरी आलेल्या पाहुण्याला कुणी असं ठेवतं का? मीच गार करून दिलं. डॉक्टर, ही खोली पुढच्या वर्षीही चालू ठेवा. दरवर्षी ठेवा. फक्त एसी असाच, सोळावर."

मॅडम उठल्या. ओढणीने डोळे पुसले.

"शुक्रन, मुदीर," त्यांनी आभार मानले.