झग्याचा काठ

दुपारी टीव्हीवर हॉलिवूडचा एक जुना सिनेमा लागला होता. मी शेजारणीच्या साडीला फॉल लावत बसले होते आणि सासूबाई पलंगावरून सिनेमा बघत होत्या. इंग्रजी आम्हा दोघींनाही फारसं कळत नाही. पण उमरावाची बायको गुडघाभर समुद्रात उतरते आणि चाच्याच्या होडीत चढते, हे कळायला भाषा कशाला लागते?

माझं लक्ष मात्र तिच्या झग्यावर होतं. एवढं भारी रेशीम खाऱ्या पाण्यात भिजलं, म्हणजे कामातूनच गेलं.

"निघाली का गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

"निघाली. पण येईल परत. घरी मुलं आहेत तिला."

"मग एवढं भिजायचं कशाला?" त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "भिजू दे बाई. एकदा तरी."

मी दोरा तोडायला वाकले, तर माझ्या स्वतःच्या साडीचा काठ उलटलेला दिसला. इतक्या वर्षांत आतला फॉल पार विरून गेलाय. बाहेरून काठ मात्र अजून नव्यासारखा आहे, अगदी कोरडा.