मोजे घातलेल्या डिस्क

तिला सगळे वहिनी म्हणत. नातं एकाचंच होतं, हक्क मात्र सगळ्यांनी सांगितला. कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या संस्थेत तिचा धाकटा दीर प्लास्टरचं काम करायचा. तो वहिनी म्हणायचा म्हणून चामडं कापणारा म्हणू लागला, मग झाडणारी बाई, मग व्यवस्थापक, आणि शेवटी तिच्या वडिलांच्या वयाचे पेशंटसुद्धा. नाव कागदावर राहिलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. नावाने हाक मारणारा माणूस काम सांगतो आणि वहिनी म्हणणारा आधी जेवलात का विचारतो, असं तिचं मत होतं.

ती तिथे आली होती पट्टे शिवायला. पाय कंबरेला धरून ठेवणारे चामडी पट्टे, जाड सुई, मेण लावलेला दोरा. पुढे मापं घेणारा कॅमेरा आला, साचे कोरणारं यंत्र आलं, आणि त्या दोघांचं सगळं लक्षात ठेवायला सर्व्हर आला. प्लास्टरची जुनी कोठी रिकामी करून त्याला जागा दिली. पण त्याच्याजवळ जायला कुणी तयार होईना. जो तो म्हणे, उद्या बिघडला तर माझ्या गळ्यात. व्यवस्थापक म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बसा. तुम्ही यंत्राला भीत नाही." शिवणयंत्राची सुई एकदा बोटातून आरपार गेलेली बाई, ती कळफलकाला काय भिणार? बसली. वाचून शिकली, चुकून शिकली, आणि अडलं की फोन करून विचारायची. न येणारी गोष्ट विचारायला तिला लाज नव्हती आणि येणारी गोष्ट येते म्हणायला संकोच नव्हता. अशी माणसं कमी असतात.

तिचा नवरा त्याच संस्थेत मिस्त्री. पाय तुटलेल्या माणसाचं जे उरलेलं टोक असतं, ते नव्या पायाच्या वाटीत बसावं लागतं. वाटी जराशी चुकली तरी माणूस पावलोपावली कळवळतो. मिस्त्री प्लास्टरचा साचा मांडीवर घेऊन कानशीने घासायचा, मग डोळे मिटून अंगठा फिरवायचा, मग पुन्हा घासायचा. साचा मनासारखा झाला की कॅमेरा त्याचं रूप टिपून सर्व्हरमध्ये ठेवायचा आणि प्लास्टर फोडून टाकायचं, कारण एवढे साचे ठेवायला जागा कुठून आणणार? म्हणजे मिस्त्रीच्या हातचं जे काही होतं, ते आता त्या कोठीतच होतं.

आणि मागच्या हिवाळ्यापासून मिस्त्रीचे हात थरथरू लागले. कानस सुटली. तो रोज येऊन खिडकीपाशी बाकावर बसायचा, पोरांची कामं बघायचा, न विचारता सल्ले द्यायचा आणि दुपारी बायकोबरोबर घरी जायचा. तो दुःखी नव्हता. पण हात खिशात ठेवायची त्याला सवय लागली होती.

अशात सर्व्हरचा मुख्य बोर्ड जळाला. संस्थेने नवा सर्व्हर आणला. जुन्यातल्या चार डिस्क धडधाकट होत्या, त्या नव्यात बसणार होत्या. वहिनीने सर्व्हरमधल्या साच्यांची वेगळी ठेवलेली प्रत उघडून पाहिली आणि शेवटची तारीख दोनदा वाचली. मिस्त्रीची कानस सुटली त्याच्या वर्षभर आधीपासून प्रत पुढे सरकलीच नव्हती. कधीतरी ती वाटेत अडकली आणि तक्रार न करता गप्प बसून राहिली. म्हणजे मिस्त्रीच्या हातचं शेवटचं वर्ष फक्त त्या चार डिस्कवर होतं. तिने हे व्यवस्थापकांना सांगितलं. नवऱ्याला सांगितलं नाही.

त्यातलाच एक साचा सायकलवाल्या आजोबांचा. आजोबा चौकात सायकली दुरुस्त करायचे आणि कृत्रिम पायाने सायकल चालवायचे. त्यांच्या पायाची वाटी तडकली होती. जुनाच साचा कोरून नवी वाटी करायची, एवढंच काम. ते सकाळीच कुबड्या घेऊन ओसरीवर येऊन बसले.

"उद्या आलात तरी चालेल, आजोबा," वहिनी म्हणाली.

"थांबतो की. पाय तुमच्याकडे, मी कुठे जाणार?"

वहिनी कोठीत शिरली. फोनवर, नवा सर्व्हर ज्यांनी दिला त्या कंपनीचा इंजिनियर होता. आवाजावरून तरुण, सर्दी झालेला, पण सबुरीचा.

"मॅडम, आधी जुन्या डिस्क बाहेर काढून ठेवा. नव्या दोन छोट्या आत राहू द्या. सिस्टीम त्यांच्यावर टाकायची. घाईत चुकीची डिस्क निवडली तर सगळं पुसलं जातं."

"आमच्याकडे हा नियम आधीपासून आहे," वहिनी म्हणाली. मिस्त्रीने पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असायचं: मूळ साचा आधी फळीवर, मग हत्यार हातात. तिने चारही डिस्क ओढून काढल्या. एकमेकींवर आपटू नयेत म्हणून कारखान्यातले मऊ सुती मोजे घेतले, एकेका मोज्यात एकेक डिस्क घातली आणि दाराजवळच्या फळीवर ओळीने ठेवून दिल्या.

"टेबलाच्या खणात ठेवल्यात ना?" फोनवरचा म्हणाला.

"खणापेक्षा चांगल्या जागी ठेवल्यात."

मग नवी सिस्टीम टाकायला घेतली. भाषा विचारली, वेळ विचारली, अटी मान्य आहेत का विचारलं. आणि कुठे टाकू, असं विचारायच्या जागी पडद्यावर यादी आली ती बघून वहिनी थबकली. यादीत एकच डिस्क होती, आणि ती म्हणजे तिने स्वतः खोचलेला पेन ड्राइव्ह. आतल्या दोन नव्या डिस्कचा पत्ताच नव्हता.

"दादा, डिस्क आत आहेत. मी हाताने बघितल्यात. यंत्र म्हणतंय नाहीत."

"कंट्रोलरचा ड्रायव्हर घालावा लागेल. तो नसेल तर सिस्टीमला डिस्क दिसत नाहीत."

वहिनीला ते पटलं. नवी सून भरल्या घरात येते, ओट्यावर, माडीवर माणसं बसलेली असतात, पण ओळख करून देणारं कुणी नसेल तर तिच्या लेखी घर रिकामंच. डिस्क ज्या कार्डाच्या ताब्यात असतात तो कंट्रोलर, आणि त्याची सिस्टीमशी ओळख करून देणारा तो ड्रायव्हर. इंजिनियरने ड्रायव्हरचं गाठोडं आधीच पाठवलं होतं, पेन ड्राइव्हवर तेच होतं. तिने ते उघडलं. आत वेगवेगळ्या सालांचे कप्पे. तिने सगळ्यात नव्या सालाचा कप्पा निवडला. नवं ते चांगलं, असा हिशोब. यादी रिकामी आली. पुन्हा केलं, पुन्हा रिकामी.

"कुठला कप्पा घेतलात?"

तिने सांगितलं.

"अहो, तुमची सिस्टीम त्याच्या आधीची आहे. तिच्या सालाचा घ्या."

"म्हणजे ओळख करून द्यायला सुनेच्या वयाची मैत्रीण पाहिजे," वहिनी म्हणाली. फोनवरचा हसता हसता शिंकला.

बरोबर कप्पा निवडल्यावर यादीत एकच ओळ आली, कंट्रोलरचं नाव. तिने पुढे जा म्हटलं. पट्टी हळूहळू भरली, आणि पडदा पुन्हा आला तेव्हा डिस्क यादीत ठळक उभी होती, जणू सकाळपासून तिथेच होती आणि कुणी विचारलं नाही म्हणून बोलली नव्हती. एक बिघडली तरी दुसरी असावी म्हणून जोडलेल्या नव्या दोन्ही डिस्क एकच म्हणून दिसत होत्या, जशा दिसायला हव्यात. वहिनीने नाव वाचलं, आकार वाचला, पुन्हा वाचला आणि बटण दाबलं. सिस्टीम टाकली जाऊ लागली.

"आता हात लावू नका," फोनवरचा म्हणाला. "चहा घ्या."

ओसरीवर आजोबांबरोबर चहा झाला. सिस्टीम बसली, यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं, सगळं सुरळीत. वहिनी पदराला हात पुसत फळीकडे वळली. आता जुन्या डिस्क घालायच्या.

फळी रिकामी होती.

तिने खाली बघितलं, मागे बघितलं, आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. त्या कारखान्यात मोजा घातलेलं जे काही त्या फळीवर असेल ते दुपारी सुकवणीच्या कपाटात जायचं. तसा रिवाजच होता. ओल्या साच्यांना मोजा घालून त्याच फळीवर ठेवायचे, आणि प्लास्टरवाला ते उचलून गरम कपाटात लावायचा. तिने स्वतः कित्येकदा ठेवले होते.

"भावजी!"

दीर प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या हातांनी आला.

"फळीवरचं काय केलंत?"

"लावलं सुकायला. का?"

"डिस्क होत्या त्या."

दीर पांढराच होता, आणखी पांढरा झाला. "मला काय माहीत वहिनी? मोजे घातलेले होते. लहान मुलांचे असतील म्हटलं."

"चौकोनी पाय कुठल्या मुलाचा असतो?"

"मलाही वाटलं जरा. पण म्हटलं हल्ली काय काय निघतंय."

पत्र्याचं कपाट उघडलं तशी उबदार, दमट वाफ तोंडावर आली. दोन ओल्या साच्यांच्या मध्ये चार मोजे शहाण्या पोरांसारखे बसले होते. वहिनीने एकेक काढून टेबलावर ठेवला आणि फोन कानाला लावला.

"किती गरम आहेत? हात ठेवून सांगा," फोनवरचा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"बाळाच्या आंघोळीच्या पाण्याएवढ्या."

तो सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "मग बहुतेक वाचल्या. बंद होत्या हे बरं. पण लगेच घालू नका. ओल लागलीय का बघा, कोरड्या करा, आपोआप गार होऊ द्या. आणि वहिनी, पुढच्या वेळी खण."

दुपारपर्यंत मॅडमची वहिनी झाली होती. ते तिच्याही नंतर लक्षात आलं.

गडबड ऐकून मिस्त्री बाकावरून उठून आला. टेबलावरचे मोजे बघितले, भावाचं तोंड बघितलं, मग बायकोचं.

"काय झालं गं?"

आता लपवून काय उपयोग? "प्रत अडकली होती. तुमचं शेवटचं वर्ष ह्याच्यातच आहे. दुसरीकडे कुठे नाही."

"आजोबांचा साचा?"

"तोही."

तो खुर्ची ओढून टेबलापाशी बसला. वहिनी कोरड्या फडक्याने डिस्क पुसत होती. एक पुसून झाली, आणि तिने ती त्याच्यापुढे धरली.

"धरा जरा."

त्याचे हात खिशातच राहिले. "मी नको. हलेल."

"हलू दे. चालू असताना हलवायची नाही. बंद असताना तिला तुमच्या हाताचं काही नाही."

त्याने हात काढले. डिस्क घेऊन मांडीवर ठेवली, जशी साचा घ्यायचा तशी, आणि दोन्ही तळवे वर ठेवून बसला. हात थरथरत होते. डिस्क गार होत होती. ओसरीवरून आजोबांनी विचारलं, "काय चाललंय आत?"

दीर म्हणाला, "तुमचा पाय थंड करतोय."

"माझा दुसरा पायही गार पडला बसून बसून."

उन्हाचा पट्टा खिडकीतून सरकून भिंतीवर चढला तेव्हा डिस्क खोलीएवढ्या गार झाल्या. वहिनीने यंत्र बंद केलं, एकेक डिस्क तिच्या जागी सरकवली, खिटी बसल्याचा आवाज ऐकला, आणि यंत्र चालू केलं. कंट्रोलरने विचारलं: परकी मांडणी सापडली आहे. आत घेऊ, की साफ करू? दोन्ही शब्द शेजारीशेजारी, एकाच आकाराचे. एकाने मिस्त्रीचं वर्ष परत येणार, दुसऱ्याने जाणार. आपलीच डिस्क, आणि यंत्र तिला परकी म्हणतंय. तिला हसू आलं नाही. तिने बोट पडद्यावर ठेवून शब्द फोनवर मोठ्याने वाचले.

"आत घ्या," तो म्हणाला.

तिने आत घेतली.

तीन दिवे हिरवे झाले. चौथा पिवळाच राहिला.

"एक दमलीय," फोनवरचा म्हणाला. "पण तिच्या वाटणीचं बाकीच्या तिघींकडे असतं. नवी डिस्क पाठवतो. तोवर वापरा, आणि आधी प्रत करा."

वहिनीने फाइल शोधली. पडद्यावर आजोबांची मांडी हळूहळू फिरली, राखाडी, गुळगुळीत, टोकाच्या जरा वर एका बाजूला किंचित दबलेली. मिस्त्री मागे उभा होता. तिला मान वळवायची गरज पडली नाही. त्याचा श्वास तिला ओळखता येत होता.

तिने सगळ्यात आधी प्रत लावली. ती पुढे सरकतेय हे डोळ्यांनी बघितलं. ती पूर्ण झाली, तेव्हा कुठे कोरणाऱ्या यंत्राला साचा पाठवला.

कोरलेला ठोकळा बाहेर आला. दिराने त्याच्यावरचा भुसा झटकला आणि तो भावाच्या हातात दिला. मिस्त्रीने डोळे मिटले. थरथरता अंगठा फिरत फिरत त्या दबलेल्या जागी गेला आणि तिथे नेमका बसला.

"इथे मी जास्त घासलंय," तो म्हणाला. "तेव्हाच जाणवलं होतं. भावड्या, जरा भरून घे."

दाराशी कुबड्यांचा आवाज झाला. आजोबा आत आले होते.

"अजिबात हात लावायचा नाही तिथे," ते म्हणाले. "अख्ख्या पायात तेवढीच जागा मला कधी चावली नाही. बाकीचं वाटलं तर भरा."

"बाकीचं चावतं?"

"बोललो का कधी? थोडं चावतं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मिस्त्री बाक ओढत म्हणाला. "बसा इथे. कुठे चावतं ते दाखवा. भावड्या, प्लास्टर आणि कानस घे. मी सांगतो तिथे भर, मग घास."

वहिनी कोठीत परतली. रिकामे मोजे तिने घडी करून दिराकडे नेले. "भावजी, हे जागेवर ठेवा."

दिराने आधी एकेक मोजा चाचपून बघितला, आत हात घालून बघितलं, उलटा करून झटकला.

"ठेवतो," तो म्हणाला, "पण फळीवर नाही."