टोपलीखालची मासोळी

आमच्या घरात मासा कधी कुणी पाळला नाही. आम्ही माणदेशातली माणसं. पाळायची ती मेंढरं, आणि पाणी दिसलं की आधी त्यांना पाजायचं. काचेच्या टाकीत एवढं पाणी नुसतं बघायला भरून ठेवतात, हे मी सांगलीत कॉलेजला आल्यावर पाहिलं. ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते त्या काकांच्या हॉलमध्ये अशी टाकी आहे.

काका एसटीतून निवृत्त झालेले. टाकीतल्या एका पिवळट मासोळीवर त्यांचा फार जीव. "हिची पिल्लं एकदा तरी बघायचीत मला. दरवेळी बाकीचे मासे खाऊन टाकतात," असं ते म्हणायचे. मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते साताऱ्याला लेकीकडे गेले आणि जाताना टाकी माझ्यावर सोपवून गेले. मी "हो काका" म्हटलं खरं, पण मला माशांतलं काहीच कळत नव्हतं.

ते गेल्यावर थोड्याच दिवसांत मासोळीनं खाणं सोडलं. नीट पाहिलं तर तिचा गळा फुगलेला. मेंढीच्या जबड्याखाली सूज आली आणि तिनं चारा सोडला की आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे उतरतात. मी लगेच आईला फोन लावला.

"गळा सुजलाय? आन खात बी न्हाई? अगं बया! मग औशीद पाज की."

"आई, मासा आहे तो."

"व्हय, म्हनून तर इचारतीय. पान्यातल्याला पाजायचं कसं?"

घरी राहिलेल्या काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ह्यांना एवढ्यात कळवू नकोस. मासोळी आजारी आहे म्हटलं की ऑपरेशन सोडून पहिल्या गाडीनं येतील."

शेवटी शोभेच्या माशांच्या दुकानात गेले आणि मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून औषध मागितलं. दुकानदार हसायलाच लागला. "ताई, आजारी नाही ती. तोंडात अंडी आहेत तिच्या. ही जात अंडी तोंडातच उबवते. पिल्लं पोहायला लागेपर्यंत उपाशी राहणार ती."

मला इतकं हलकं वाटलं की मीही हसले. पण त्याचं पुढचं बोलणं ऐकून हसू गेलं. टाकीत तशीच ठेवली तर पिल्लं बाहेर पडताच बाकीचे मासे खाणार. जाळीनं धरून वेगळी काढायला गेलं, तर घाबरून ती अंडी थुंकणार, नाहीतर गिळणार. "बघा, जमलं तर," एवढंच तो म्हणाला.

घरी येऊन मी काकांची जाळी पाण्यात घातली. मासोळी सैरावैरा पळाली आणि काचेवर आपटली. मी जाळी झटकन बाहेर काढली. मग नुसती टाकीसमोर बसून राहिले. मोठा निळा नर तिला सारखा ढुशा देत होता आणि ती दगडाआड कोपऱ्यात दडत होती.

तिला तशी दडलेली बघून मला कोकरू आठवलं. कळपात कोकरू तुडवलं जाईल असं वाटलं, तर आम्ही त्याला ओढत कुठं नेत नाही. ते बसलंय तिथंच त्याच्यावर डालगं, म्हणजे वेताची मोठी टोपली, पालथं घालतो. मग हिला तरी हलवायचं कशाला?

मी स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकची टोपली उचलली.

"अगं ए, माझी भाजी धुवायची टोपली आहे ती!"

"थोडे दिवस द्या ना, काकू."

"आणि भाजी कशात धुऊ? तुझ्या टाकीत?"

टोपलीची भोकं मोठी होती, म्हणून आतून मच्छरदाणीचा तुकडा शिवला. मासोळी कोपऱ्यात स्थिर होईपर्यंत थांबले आणि टोपली इतकी सावकाश खाली नेली की खांदा भरून आला. ती जराशी सरकली, पण तोंड मिटलेलंच होतं. वर दगड ठेवला तेव्हा कुठं मी श्वास सोडला.

पुढचे दिवस कठीण गेले. ती वाळत चालली, नुसतं डोकंच मोठं दिसायचं. पोळ्या लाटता लाटता काकू येऊन बघून जायच्या. "माझा एकादशीला दुपारीच जीव जातो गं. ही कशी राहते?"

मग एका सकाळी, कॉलेजला निघताना, टोपलीत तिच्याभोवती काहीतरी वळवळताना दिसलं. डोळेच डोळे असलेली इवली पिल्लं! माझी हाक ऐकून काकू ओल्या हातानं धावत आल्या. त्यांची सावली पाण्यावर पडली मात्र, मासोळीनं तोंड उघडलं आणि पिल्लं आत नाहीशी झाली.

"खाल्ली! अगं बाई, आईनंच खाल्ली!"

क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण काकू मागे सरकल्या, सगळं शांत झालं आणि तिनं पिल्लांना एकेक करून परत बाहेर सोडलं. काकू तिथंच फरशीवर बसल्या. "घाबरवलंस गं बये," म्हणाल्या. मला म्हणाल्या की मासोळीला, ते मी विचारलं नाही.

काकांचं ऑपरेशन तोवर व्यवस्थित झालं होतं. आम्ही व्हिडिओ कॉल लावला. पिल्लं दिसताच ते पलंगावर उठूनच बसले. मागून त्यांची लेक ओरडली, "बाबा, गुडघा!"

"गुडघा राहू दे गं, इकडे बघ आधी! पोरी, तू हिला धरलीस कशी?"

"धरलीच नाही, काका."

आणि मग मी सगळं सांगितलं. एरवी चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, पण त्या दिवशी मध्ये कुठं अडखळलेसुद्धा नाही. काका लहान मुलासारखे "मग? मग?" विचारत राहिले. शेवटी काकूंनी माझ्या हातातून फोनच काढून घेतला.

"अहो, ऐका. येताना तिथले कंदी पेढे घेऊन या. जास्त आणा, अख्ख्या गल्लीत वाटायचेत. आणि पहिला पेढा ह्या पोरीच्या आईला पाठवायचाय, डालगं तिकडचंच ना!"