सत्तेचाळिसाव्या वर्षी पळायला लागलेली वंदनाताई

वंदनाताईला तिच्या नवऱ्याने भररस्त्यात डोक्यात लोखंडी रॉड घालून मारलं.

आज वर्ष झालं.

मी तिथेच होते. लोक अजून काहीबाही बोलतात, म्हणून आज सगळं लिहिते.

ती राजूरला आमच्या शेजारी राहायची. अंगणवाडीत मदतनीस होती. मी शिलाईकाम करते. दोन घरांत एकच भिंत. प्रत्येक फटका मला ऐकू यायचा.

पट्टा. चप्पल. एकदा कुकरचं झाकण.

झाकणाच्या वेळी भुवईला पाच टाके पडले. डॉक्टरांना म्हणाली, "बाथरूममध्ये पडली."

सत्तेचाळीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी नवरा पट्टा घेऊन मागे लागला. ताई अनवाणी, साडी गुडघ्यापर्यंत धरून वणीच्या रस्त्याने पळत सुटली. कोळशाचे ट्रक करकचून ब्रेक मारत होते. तो शिव्या देत मागे.

किलोमीटरभर गेल्यावर तो रस्त्याच्या कडेला बसला. ओकला.

ताई परत आली तेव्हा तळपाय रक्ताने भरले होते. आणि ती हसत होती.

"रुखसाना, तो दमला वं! मी नाही दमली!"

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी पळायला लागली. मी तिला खिसा असलेली ट्रॅक पॅन्ट शिवून दिली. आधी शाळेपर्यंत. मग नाल्यापर्यंत. वर्षभरात थेट वणीपर्यंत पळत जाऊन ऑटोने परत यायची.

त्याने तिचे शूज जाळले. तिने दुसरे आणले.

मग एका दुपारी ती झोपलेली असताना त्याने तिच्या पावलावर वरवंटा घातला. तीन बोटं मोडली.

प्लास्टर निघालं त्याच दिवशी तिने घर सोडलं. दोन गल्ल्या पलीकडे खोली केली. महिनाभरात पुन्हा रस्त्यावर.

मलाही तिनेच ओढलं.

"मशीनवर बसू बसू पाय आखडले तुहे. चाल."

मी जाड, लगेच धाप लागणारी. ती पुढे जायची, मागे यायची, पुन्हा पुढे.

त्या सकाळी नाल्याच्या पुलावर तो बाईक आडवी लावून उभा होता. हातात रॉड.

तो आधी माझ्या अंगावर आला.

"हिनंच बिघडवली माही बायको!"

आम्ही मागे फिरून पळालो. मी पडले. गुडघे फुटले. ताई वीस पावलं पुढे होती. तिला कोणीच पकडू शकलं नसतं.

"ताई, पळ!" मी ओरडले.

ती थांबली. वळली. परत आली.

माझ्यावर उगारलेला रॉड तिने दोन्ही हातांनी धरला. त्याच्या मनगटाला इतकी जोरात चावली, की तो किंचाळला. त्याने लाथ घालून तिला पाडलं. पहिला फटका खांद्यावर. दुसरा कानामागे.

तो आवाज कसा होता, ते मी लिहू शकत नाही.

एका ट्रकवाल्याने उडी मारून त्याला खाली दाबलं. ताईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझी ओढणी लाल झाली होती.

"तुले लागलं का वं?" तिने मला विचारलं.

वणीचा दवाखाना यायच्या आधीच ती गेली.

मागच्या आठवड्यात माझी साक्ष झाली. त्याच्या वकिलाने विचारलं, "पन्नाशीच्या बाईला रोज पळायची गरजच काय होती?"

मी घरून सगळं ठरवून गेले होते. टाके, वरवंटा, जाळलेले शूज, सगळं सांगणार होते.

तोंडातून एवढंच निघालं.

"साहेब, तिले आवडत होतं."

वंदनाताई, तुला मनापासून सलाम.

तुझी रुखसाना