शोभाकाकूंनी प्रफुल्लची तारीफ केली

तारिफीनं प्रफुल्लची नोकरी गेली. मग प्रफुल्लही गेला. आज वर्ष झालं.

खापरखेड्याच्या कॉलनीत आम्ही समोरासमोर वाढलो. लहानपणी त्याला फिट यायच्या. मग गोळ्या लागू पडल्या. कॉलेजपासून एकही फिट आली नाही.

नागपूरच्या एका कंपनीनं ऑफर लेटर दिलं. काही दिवसांनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाला पत्ता तपासायला आला. घराला कुलूप होतं.

आपल्याकडे अशा वेळी शेजाऱ्यांकडे चौकशी करतात. आणि शेजारी आलेल्याला बसवून घेतात.

शेजारच्या शोभाकाकूंनी चहा ठेवला.

"पोरगा कसा आहे, काकू?"

"सोन्यासारखा. एवढ्या फिट येत त्याले, तरी गोळ्या खाऊन खाऊन शिकला. करन का कोणी असं?"

काकूंना वाटलं, आपण पोराचं भलं करून राहिलो.

त्यानं सगळं मोबाईलमध्ये भरलं. ऑफर मागे घेतली गेली. एचआरची मुलगी फोनवर म्हणाली, "फिटचं आधी सांगायला हवं होतं."

त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

प्रफुल्ल काकूंवर चिडला नाही. मला एवढंच म्हणाला, "पत्ता पाहाले आला होता ना गा तो? माझ्या गोळ्या काहून लिहून नेल्या?"

"जाऊ दे. दुसरी मिळन."

"मिळन. पण आता कोणाले काही दिसू देणार नाही."

दुसरी मिळाली. नागपुरात रूमवर ऑफिसचेच तिघं होते. त्यांना दिसू नयेत म्हणून हा गोळ्या घरीच ठेवून जायचा. रविवारी आला की घ्यायचा.

हे आम्हाला नंतर कळलं. त्याच्या आईला कपाटात न फोडलेल्या स्ट्रिप्स सापडल्या तेव्हा.

रूमवरच्या बाथरूममध्ये त्याला फिट आली, दार आतून बंद होतं. पोरांनी ते तोडलं, तोवर उशीर झाला होता.

तेरवीनंतर आई नरखेडला मामाकडे गेली. घराला पुन्हा कुलूप. आणि पुन्हा एक माणूस आला, गळ्यात आयकार्ड. नव्या कंपनीचं व्हेरिफिकेशन आता कुठे निघालं होतं. प्रफुल्ल गेल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं.

"काकू, प्रफुल्ल इथंच राहतो ना? स्वभावानं कसा आहे?"

काकू दारात उभ्याच राहिल्या. बस म्हणाल्या नाहीत.

"मले काही माहीत नाही, भाऊ."

दार लावून घेतलं.

कॉलनीतल्या कोणाच्याही पोराबद्दल त्या आता एवढंच सांगतात.

प्रफुल्ल, हे तुझ्या आईला विचारून लिहिलं. म्हटलं, गोळ्यांचं लिहू का?

ती म्हणाली, "लिही. लपवता लपवताच गेला तो."

मित्रा, जड मनानं तुला निरोप.